ऑइलशिवाय पळालेली ओम्नी : इंजिन बांधायचं की बदलायचं?

खानापूर_ओम्नी

राम राम मंडळी. 2012 ची पेट्रोल ओम्नी, केए-22 पासिंग, 1,18,000 किलोमीटर. वडिलांनी घेतलेली. भाताची पोती, काजूच्या बिया, बहिणीच्या लग्नाची भांडी, दरवर्षीचा गणपती, सगळं तिच्यातनंच आलंगेलं.

गेल्या रविवारी डिचोलीला मावशीकडे गेलो होतो. दोनच दिवस आधी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलेला. येताना केरी सोडून चोर्ल्याचा घाट चढाय लागलो तसा वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. वळण संपलं की विझायचा. आमच्या डॅशबोर्डचा इतिहास असा की डावा इंडिकेटर दिला की हेडलाइट पिवळा पडतो. म्हटलं वायर लूज असणार. घाटमाथ्यावर दिवा कायमचाच लागला. पाऊस, धुकं, मोबाइलला रेंज नाही, मागच्या सीटवर आई आणि दोन पोरं. कणकुंबीपर्यंत तरी जाऊ म्हणून तसाच दामटला. सीटखालनं आधी टिकटिक, मग पाथरवट पाट्याला टाकी लावतोय तसा आवाज. शेवटी कणकुंबीच्या अलीकडे झटका देऊन गाडी उभी राहिली. स्टार्टर मारला तर नुसतं 'टक्'.

सीट उचलून डिपस्टिक काढली. कोरडी. टोकाला एक काळा थेंब, त्यालाही जळका वास. जांबोटीचा एक टेम्पोवाला थांबला, खाली वाकून बघितला आणि म्हणाला, "एण्णी इल्लरी (तेलच नाही हो) साहेब, संपलं की सगळं."

मिस्त्रीनं फिल्टर खोलला तर रबरी रिंगा दोन निघाल्या. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिलेली, तिच्यावरच नवा फिल्टर आवळलेला. दोन रिंगांच्या मधनं ऑइल रस्ताभर सांडत आलं. बदलणारा माणूस ओळखीचा आहे, नाव लिहीत नाही. त्यानं मान खाली घालून अर्धी मजुरी देतो म्हटलंय.

आता मिस्त्री म्हणतोय जुन्या बाजारातनं इंजिन आणून टाकू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. वडील म्हणतात हेच बांधायचं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

निपाणी_नाका

मिस्त्री बरोबर बोलतोय. ओम्नीचं इंजिन म्हणजे 800 चंच, 796 सीसी तीन सिलिंडर. भंगारात पैशाला पासरी. बांधायच्या नादाला लागलात की आज लेथवाला नाही, उद्या पिस्टन मिळत नाही, परवा सण. माझा भाऊ दीड महिना बसनं फिरला.

कागदी_घोडा

इंजिन बदला खुशाल, पण इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. दुसरं इंजिन टाकलं की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या इंजिनाचे कागद मागतील. भंगारवाला बिल देताना कसा मान वळवतो बघा. तुमची गाडी 2012 ची, म्हणजे 2027 ला पंधरा वर्षं भरणार, रिन्यूअलला इन्स्पेक्टर टॉर्च मारून नंबर ताडून बघणार. तेव्हा कुठं फिरणार?

उद्यमबाग_टर्नर

बाजारातलं इंजिन म्हणजे नारळ, फोडल्याशिवाय कळत नाही. वरनं डिझेलनं धुऊन चंदेरी रंग मारलेला असतो. ते कुठल्या अपघातातलं, कुठल्या पुरातलं, कोण सांगणार? आणलंच तर निदान सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलून एक बेअरिंग कॅप काढून दाखव म्हणावं. तयार होत नसेल तर सरळ उठून यायचं.

ऑइलचा_घाणा

एवढं कशाला? क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा) जागेवरच ठेवा, त्याच्या पिनला बारीक एमरी पेपर मारा, नवीन मेटल (पिनेभोवतीचं बेअरिंगचं पातळ कवच) टाका, चालू. आमच्या हुक्केरीत असंच करतात. हजार-दोन हजारात काम.

गेज_अक्का

घाणेवाले दादा, असं करणाऱ्यांचे क्रँक दोन महिन्यांनी आमच्याच टेबलावर येतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट मोजायच्या कामात 19 वर्षं काढलीत. जरा सविस्तर लिहिते, खानापूरवाल्यांनी चहा घेऊन बसावं.

क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नसतो. पिन आणि मेटल यांच्यात साधारण 0.02 ते 0.04 मिलिमीटरची फट असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्मी. त्या फटीत पंप ऑइल दाबतो आणि क्रँक त्या थरावर तरंगतो. सम्पमधली जाळी, पंप, फिल्टर, ब्लॉकमधली मुख्य वाट, तिथनं मेन बेअरिंगं, मग क्रँकच्या पोटातल्या तिरक्या भोकांतनं कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगं, आणि एक फाटा वर हेडमध्ये कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला. पाटाच्या पाण्यासारखंच आहे. पाणी कमी पडलं की शेवटच्या वाफ्यातलं पीक आधी वाळतं. म्हणून रॉडची बेअरिंगं आणि कॅम आधी जातात.

आणि तो दिवा ऑइल किती आहे हे सांगतच नाही, दाब किती आहे ते सांगतो. वळणावर लुकलुकला म्हणजे उरलंसुरलं ऑइल एका बाजूला सरकलं आणि जाळी हवा ओढायला लागली. तेव्हाच इंजिन बंद केलं असतं तर नुसतं ऑइल घालून, फार तर मेटल बदलून सुटला असता. दिवा कायम लागल्यावर जे चाललात त्याचंच हे बिल.

बांधायचं की बदलायचं हे आम्ही इथं बसून ठरवायचं नसतंय, मोजून ठरवायचं. खोलल्यावर मला हे सांगा. क्रँकच्या तिन्ही रॉड-पिना आणि चारही मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये जिथं फिरतो ते भाग), प्रत्येकी दोन ठिकाणी आणि दोन आडव्याउभ्या दिशांनी मायक्रोमीटरनं मोजलेले आकडे. कुठं निळसर पडलंय का. हेडमध्ये कॅम जिथं बसतो त्या जागा ओरखडल्यात का. तिथं मेटल नसतं, कॅम थेट अॅल्युमिनियममध्ये फिरतो, ती जागा गेली की हेडच गेलं, आणि मग बदलणाऱ्यांची बाजू भारी होते. पिस्टनचे फोटो दोन्ही बाजूंनी. ऑइल पंप उघडून आतला फोटो. मिस्त्री "नखानं बघितलं, ठीक आहे" म्हणाला तर त्या नखाचा फोटो नको.

निपाणी_नाका

अक्का, नखाचा फोटो नको 😂 मी माघार घेतो.

अनगोळ_नाका

बाकी इंजिनकामावर मराठीत एवढं वाचायला मिळालं म्हणून बरं वाटलं. हेड गॅसकेटला मराठीत काय म्हणतात हो?

उद्यमबाग_टर्नर

हेड गॅसकेटच. आणि फुटलं की 'गेलं' म्हणतात. आमच्याकडे बोर्ड कानडीत, बिल इंग्रजीत, शिव्या मराठीत. कुणाचं काही अडत नाही.

खानापूर_ओम्नी

उशीर झाला, माफ करा. इंजिन खालनं उतरवायला जॅक आणि चार माणसं लागली. काल खोललं. मी स्वतः बसलो होतो, अक्कांची यादी वहीत लिहून.

दोन नंबरच्या रॉडची कॅप काढल्यावर मिस्त्रीही गप्प झाला. मेटलचे दोन अर्धे असतात ना, ते एकावर एक चढून बसलेले, पापडासारखे पातळ. जागेवर धरून ठेवणारा छोटा दात तुटून गेलेला. मेटल पिनबरोबर फिरत राहिलं आणि त्यानंच ऑइलचं भोक बंद केलं. पिनचा रंग मोरपिशी. नख फिरवलं तर तीन ठिकाणी अडकतंय (फोटो टाकत नाही, अक्का). एक आणि तीन नंबरची मेटलं घासलीत पण जागेवर आहेत. दोन नंबरच्या पिस्टनवर उभे ओरखडे, समोरच्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, अॅल्युमिनियम लिंपल्यासारखं. पंपाच्या आत गोल चरे. हेडला मात्र देव पावला, कॅमच्या जागा गुळगुळीत, एकाच ठिकाणी बारीक रेघ.

सम्पच्या तळाशी चमकी होती. पोरीनं विचारलं, बाबा ही रंगपंचमीची का?

गेज_अक्का

हेड वाचलं म्हणजे बांधा. वडिलांचं ऐका.

आता क्रँक. मोरपिशी रंग म्हणजे पिन चांगलीच तापली. ग्राइंडिंगला टाकायच्या आधी तडा तपासून घ्या, चुंबक लावून पावडर टाकून बघतात, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून वाकलाय का तेही बघा. तडा निघाला तर त्याच्यावर एक रुपया घालू नका, दुसरा क्रँक शोधा. ठीक असेल तर पहिल्या साइजला, म्हणजे 0.25 मिलिमीटर घासून, चरे निघतात का बघतील, नाही तर 0.50. एका पिनेला 0.50 लागलं तर तिन्ही पिना 0.50 करायच्या, मेटल सेटच तसा येतो. मेन जर्नलचा हिशेब वेगळा.

ग्राइंडरवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. पिनेच्या कडेला जो गोलवा असतो तो तसाच राहिला पाहिजे. घाईत काटकोनी कोपरा काढला तर क्रँक पुढं तिथंच मोडतो.

दोन नंबरचा रॉड टाकून द्या. मेटल फिरलं की रॉडचं मोठं भोक लंबगोल होतं, नवीन मेटलला पकड राहत नाही. रॉडचे बोल्ट सगळे नवे. पंप नवा, धुऊनपुसून जुना बसवू नका.

संकेश्वरचा_बापू

अक्कांनी सगळं सांगितलं, पण माझी फजिती ज्यामुळं झाली ते राहिलं, म्हणून लिहितो.

माझी 800. अशीच ऑइलविना गेली, सम्पला दगड लागून. क्रँक ग्राइंड करून घेतला, मेटल नवी, रिंगा नव्या, पंपसुद्धा नवा. गाडी मांजरीसारखी गुरगुरायची. चौथ्या आठवड्यात कोल्हापूरहून येताना तवंदी घाटात पुन्हा टकटक. खोललं तर तीन नंबरचं मेटल खलास. का? तर क्रँकच्या पोटातल्या त्या तिरक्या भोकांत जुन्या मेटलचा चुरा आणि ग्राइंडिंगची धूळ तशीच. मिस्त्रीनं वरनं रॉकेल मारून हवा मारली होती. चुरा आत दडून बसला आणि गरम ऑइलबरोबर थोडा थोडा बाहेर येत राहिला. दोनदा पैसे भरले मी. घरी अजून ऐकून घेतोय.

गेज_अक्का

बापू, हे मीच लिहायला हवं होतं. इंजिन दुसऱ्यांदा जातं ते बहुतेक असंच.

खानापूरवाले, क्रँक ग्राइंडिंगवरून आला की भोकांत बाटली धुवायचा बारीक ब्रश घालून, दोन्ही टोकांनी, गरम साबणाच्या पाण्यानं धुवा. ब्लॉकचंही तेच, ऑइलच्या वाटेचे बूच काढून. होनिंगनंतर (बोअर घासून बारीक रेघा काढल्यावर) बोअर नुसत्या रॉकेलनं साफ होत नाहीत, रॉकेल कण खाली बसवतं. साबण आणि गरम पाणी. मग लगेच कोरडं करून ऑइल लावा, नाही तर तासाभरात तांबेरा चढेल. शेवटी पांढरं कापड ऑइलात भिजवून बोअरमध्ये फिरवा. कापड राखाडी आलं तर परत धुवा.

निपाणी_नाका

एक शंका. एकाच बोअरला ओरखडे आहेत तर तिन्ही बोअर का मारायचे (कापून मोठे करायचे)? पैसे वाचतील.

उद्यमबाग_टर्नर

मारता येतो एकच, पण तिन्ही पिस्टनची वजनं सारखी नसली की इंजिन थरथरतं, आणि ओम्नीत तुम्ही त्या इंजिनावरच बसता. 1,18,000 ला बाकीचे दोन बोअरही काही नवरदेव नाहीत. स्टँडर्ड 68.5 मिलिमीटरचा 69 करा. 72 चा स्ट्रोक धरून हिशेब केला तर 796 ची 808 सीसी होते. आरटीओला सांगू नका.

कागदी_घोडा

मी वाचतोय बरं का.

खानापूर_ओम्नी

अपडेट. क्रँकला तडा नाही. वाक नाही. पिना 0.25 ला साफ झाल्या नाहीत, 0.50 ला झाल्या. मेन 0.25 ला भागले. बोअर तिन्ही 0.50. ग्राइंडरवाल्याला गोलव्याचं बोललो तर तो हसून म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?" अक्का म्हटल्यावर म्हणाला, "मग आम्हाला नीट करावंच लागतंय."

शनिवारी ब्लॉक आणि क्रँक घरी घेऊन आलो. मिस्त्री म्हणाला इथंच धुतो, पण बापूंची गोष्ट डोक्यात होती. विहिरीजवळ चूल पेटवली, हंडाभर पाणी तापवलं, कपड्यांची साबण पावडर घेतली. आई म्हणाली धोंड्याच्या महिन्यात जावयालासुद्धा एवढं कढत पाणी काढलं नव्हतं. क्रँकच्या दुसऱ्या भोकातनं ब्रश बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना काळ्या चिखलात चमचमणारे कण लागलेले. वरनं बघितलं असतं तर भोक स्वच्छच दिसत होतं. चौथ्या खेपेला ब्रश पांढरा निघाला.

मग वडिलांनी स्वतःचं जुनं धोतर आणून दिलं. फाडून तुकडे केले आणि बोअरमध्ये फिरवत बसलो. पहिला तुकडा शिसपेन्सिल घासल्यासारखा, पाचवा धुरकट. सातवा तुकडा वडिलांनी उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "झालं." उन्हात बोअरवरच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदताना स्पष्ट दिसतात, शेवयाच्या पाटासारख्या.

गेज_अक्का

त्या रेघा ऑइल धरून ठेवायला असतात, पुसायच्या नसतात. आता रिंग बसवायच्या आधी एकेक रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांतली फट फीलर गेजनं मोजा, 0.2 ते 0.3 मिलिमीटरच्या आत यावी. मेटल टाकल्यावर प्लास्टिगेजची (फट मोजायची मऊ प्लास्टिकची) तार ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, परत काढून चपटी झालेली पट्टी मोजा. टॉर्क रेंच वापरा म्हणावं, "हाताचा अंदाज" नको.

पंपात बसवताना ऑइल भरा. फिल्टर बसवायच्या आधी त्या जागेवरनं बोट फिरवा. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खानापूर_ओम्नी

बोट फिरवलं. मिस्त्रीनंही फिरवलं. नंतर वडिलांनी. ती जुनी रिंग मिस्त्रीनं दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय.

काल संध्याकाळी चालू केली. आधी स्पार्क प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. तीन वेळा लाल दिवा तसाच. मी घामाघूम. चौथ्या वेळी विझला. मग प्लग लावले आणि अर्ध्या चावीत इंजिन लागलं. आवाज एवढा कमी की डावा इंडिकेटर टिकटिकतोय तो ऐकू आला. हेडलाइट अजून पिवळाच पडतो.

सगळं मिळून 26,800 रुपये. त्यातली अर्धी मजुरी त्या ओळखीच्या माणसानं खरंच दिली. वेळ मात्र 24 दिवस, निपाणीकर खोटं बोलत नव्हते.

निपाणी_नाका

बघा, मीही काहीतरी बरोबर सांगितलं. आता चाळीसच्या वर नेऊ नका, हजार किलोमीटर.

गेज_अक्का

नेऊ द्या की. चाळीसला एकसारखी रांगवत नेली तर रिंगा बोअरला बसत नाहीत. वेग कमीजास्त ठेवा, मधनंच थोडा दम लावा, परत सोडा. पोती भरून घाट चढवू नका आणि उभ्या जागी तासभर चालू ठेवू नका. साधं मिनरल 20डब्ल्यू-40 घाला, 500 ला काढा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी डिपस्टिक.

ऑइलचा_घाणा

अक्का, एमरी पेपरचं मागं घेतलं. पण हुक्केरीत खरंच करतात हो.

गेज_अक्का

माहीत आहे. येतात आमच्याकडे.

खानापूर_ओम्नी

500 झाले. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा, एकदा नंदगड. आज ऑइल काढलं. ताटात ओतून उन्हात बघितलं तर बारीक चमक आहे. पोटात गोळा आला. फोटो टाकलाय.

गेज_अक्का

फोटोवरनं कळत नाही. स्पीकरमधलं जुनं चुंबक असेल ना घरात? प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताटात फिरवा.

खानापूर_ओम्नी

फिरवलं. चिकटतंय. काजळीसारखी मऊ मिशी आली चुंबकाला. ताटात मागं काही राहिलं नाही.

गेज_अक्का

मग लोखंड आहे, रिंगा आणि बोअर एकमेकांना बसतायत. चुंबकाला न चिकटणारी पत्री मागं राहिली असती तर मीच तुम्हाला गाडी उभी करायला सांगितलं असतं. नवीन ऑइल, नवीन फिल्टर, बोट फिरवून. 1,500 ला परत ताटात ओता आणि इथं लिहा.

संकेश्वरचा_बापू

ताट कुठलं वापरलं? जेवणाचं नसेल तर बरं.

खानापूर_ओम्नी

पुरणाचं. आईला अजून कळलेलं नाही.